लेखणी की पाना?

डोंबिवलीच्या फलाटावरून मुंबईच्या कचेऱ्यांकडे निघालेली गर्दी आम्ही नित्य पाहतो. तीतील कोणी नोकरी सोडून मोटारदुरुस्ती शिकू म्हणाला, की घरात प्रथम 'लोक काय म्हणतील?' हाच प्रश्न उठतो. आमच्या मते तो गौण होय. ज्या प्रभू येशूच्या नावे आमची शाळा चालते, त्यानेही सुतारकाम केले होते. हातास वंगण लागल्याने कुळास बट्टा लागत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील शिक्षक लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १८८८ साली बंधूंसह बेळगावी सायकलींचे दुकान घातले. परंतु नोकरी मात्र लगेच सोडली नाही. ह्यातील सावधपणा घेण्याजोगा आहे.

खरा प्रश्न तयारीचा. आजच्या मोटारीत पान्याइतकेच काम तारांचे व संगणकाचे असते; विजेवरील गाडीस तर इंजिनच नसते. तेव्हा आधी सुटीच्या दिवशी एखाद्या गॅरेजात उमेदवारी करून पाहावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा होईतो घरखर्च कसा चालेल, ह्याचा हिशेब मांडावा. मगच राजीनामा लिहावा.

पालकहो, मुलाने हा मार्ग धरला तर 'लोक काय म्हणतील?' असे न विचारता 'काम चोख येते ना?' एवढेच विचारावे, अशी आमची विनंती आहे.