झाकलेले कोंबडे

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण आम्ही गेली तीस वर्षे मुलांकडून पाठ करवून घेत आलो आहोत. तिचा खरा अर्थ मात्र गेल्या हिवाळ्यात, इंद्रवेल्लीजवळच्या एका नाल्याकाठी आम्हांला उमगला.

सकाळची प्रार्थना आटोपते न आटोपते तोच सातवीतील दोन मुले धावत आली. नाल्यात अडकलेल्या पोत्यातून कोंबड्यांचे पाय बाहेर डोकावत होते. त्याच प्रवाहावर खाली गुरे पाण्याला येतात, बाया धुणे धुतात. पोते कोणाचे, हे कोणाला विचारावे लागले नाही. त्या बाजूस शेड एकच, आणि तिचा धनी आमचाच जुना विद्यार्थी. कर्ज काढून त्याने ती उभारलेली.

सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. मान खाली घालून तो म्हणाला, “गुरुजी, मानमोडीच आहे, दुसरे काही नाही. पण तोंडातून शब्द गेला तर सगळ्याच कोंबड्या मारतील. मग हप्ता कोठून भरू?”

त्याचे भय खोटे नव्हते. आम्ही त्यास नवापूरची हकिकत सांगितली. नंदुरबार जिल्ह्यातील त्या गावी २००६ च्या आरंभी कोंबड्या भराभर मरू लागल्या, तेव्हा तेथेही प्रथम मानमोडीच समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि १८ फेब्रुवारीस जाहीर झाले की हा बर्ड फ्लू, भारतातील पहिला. मग लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१ साली तेच संकट नवापुरावर पुन्हा कोसळले. या दोन रोगांतील भेद नुसत्या डोळ्यांना खात्रीने कळत नाही. तो प्रयोगशाळेनेच सांगावा लागतो.

म्हणूनच प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीचा २००९ चा केंद्रीय कायदा मालकाकडून निदानाची नव्हे, खबरीची अपेक्षा करतो. मानमोडी आणि बर्ड फ्लू हे दोन्ही रोग त्याच्या अनुसूचीत आहेत. नुसता संशय आला तरी ग्रामपंचायतीस कळवणे, आजारी पक्षी निरोग्यांपासून वेगळे ठेवणे आणि मेलेल्यांची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावणे, ही मालकाची कर्तव्ये होत. रोगाने मेलेले जनावर जाणूनबुजून नदी, तलाव वा कालव्यात टाकणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड. पुन्हा केल्यास पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पुरण्याचीही रीत ठरलेली आहे. बर्ड फ्लूसाठीच्या शासकीय आराखड्यात दोन मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा सुमारे १,८०० पक्ष्यांना पुरेसा मानला आहे. वर चुन्याचा थर आणि त्यावर माती, म्हणजे कुत्री-कोल्ही उकरणार नाहीत. जागा विहिरीपासून व ओढ्यापासून दूर हवी.

आणखी एक गोष्ट ऐकून तो दचकला. बर्ड फ्लू ठरला तर शासनाच्या आज्ञेने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवण्यात गेलेला एकेक दिवस धन्याच्याच पदरातून जातो.

त्या रात्री तो आमच्यासोबत सरपंचांकडे आला. दुसऱ्या दिवशी पशुवैद्य आले, नमुने गेले, नाल्यातील पोते काढून पुरले गेले. निदान आले ते मानमोडीचेच. पुष्कळ पक्षी गेले, हप्ता काही टळला नाही. गावात महिनाभर बोलणीही खावी लागली. परंतु परवा भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, या खेपेस लस वेळेवर टोचली, आणि खड्ड्याची जागाही आखून ठेवली.”

आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात चार-सहा कोंबड्या असतातच. हा कायदा चार हजारांच्या धन्यास आहे तसाच चारांच्या धन्यासही आहे. कोंबडी मेली तरी तिचे धनीपण संपत नाही. माती पडेपर्यंत ती आपलीच असते.