श्रावणातला निकाल

श्रावणात बांधावर उभं राहून भाताचा निकाल लावायची आपल्याकडे खोड आहे. संकरित भाताचं खाचर गच्च, काळंभोर हिरवं. शेजारचं सरळ वाण त्यामानाने विरळ. मग ऐकू येतं, "हायब्रीडच लावा, सरळ वाणांचे दिवस संपले." हा निकाल मला मान्य नाही. तो कापणीच्या दोन महिने आधी दिलेला आहे.

संकराचा जोम खरा आहे. रोप लवकर मूळ धरतं, भराभर फुटवे काढतं, लोंबीही मोठी येते. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या पथकाला 1970 मध्ये हैनान बेटावर नरवंध्य जंगली भात सापडलं. 1976 पासून तिथे संकरित भात मोठ्या क्षेत्रावर गेलं आणि सरळ वाणांपेक्षा सुमारे 20 टक्के जास्त पिकलं. पण तिथे पाणी हातात होतं, खतही भरपूर. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही आणि दाणा भरायच्या वेळी पाऊस पाठ फिरवतो.

कापणीआधी एक लोंबी हातात घ्या. शेंड्याकडचे दाणे टच्च भरलेले असतात. खाली या, बुडाजवळच्या उपफांद्यांवरचा दाणा चिमटीत दाबा. बऱ्याचदा तो चपटतो, आत काही नसतं. मोठ्या लोंबीला शेवटपर्यंत अन्न पुरवायला पानं हिरवी राहावी लागतात. पाणी तुटलं की पहिली उपासमार या खालच्या दाण्यांची होते. म्हणून फुटवे आणि लोंबीची लांबी मोजून कुणी उत्पन्न सांगू लागला की मी भरलेले दाणे किती ते विचारतो. वाणांची मुदतही विचारतो. लवकर पिकणाऱ्या हळव्या सरळ वाणाशेजारी जास्त मुदतीचा निमगरवा संकर लावला आणि तो जास्त पिकला, तर त्यात जोम किती आणि शेतात जास्त उभं राहिलेले दिवस किती?

"हायब्रीड म्हणजे नुसता बियाणं विकायचा डाव," हेही तितकंच चूक. बी दरवर्षी विकत का घ्यावं लागतं, याचं उत्तर झाडाच्या पोटात आहे. संकराचं घरी राखलेलं बी पेरलं की एक रोप गुडघ्याशी, दुसरं कमरेशी; एक आधी निसवतं, दुसरं मागाहून. काहींच्या लोंब्या वांझ निघतात, कारण संकराची आई नरवंध्य असते; ते वंध्यत्व तिच्याकडून सगळ्यांना मिळतं, पण ते घालवणारे जनुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. आणि 'सह्याद्री' मालिकेतले संकर तर कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने दिले आहेत, कुठल्या कंपनीने नव्हे.

ऑक्टोबरातही पाटाचं पाणी मिळणाऱ्या कसदार खाचरात संकर जरूर लावावा, पण चुडात एक-दोनच रोपं. घाईत चार-पाच खोचली तर फुटव्यांना जागाच उरत नाही आणि महागाचं बी वाया जातं. निव्वळ पावसावरच्या खाचरात मात्र 'कर्जत-3'सारखं हळवं सरळ वाण शहाणपणाचं. ते कमीपणाचं मुळीच नाही. 1966 चं 'आयआर-8' आणि 1968 चं 'जया', ज्यांनी या देशाचं भात उंचावलं, ती दोन्ही सरळ वाणंच. आणि चीनच्या सुरुवातीच्या गाजलेल्या संकरांचा बाप शोधायला गेलात तर तो 'आयआर-24' निघतो, फिलिपिन्समध्ये तयार झालेलं एक सरळ वाण.