टपाल हलवले, दप्तर मागे राहिले : व्हाइट हाउसच्या ईमेलची कहाणी

१९ जानेवारी १९८९. रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षपदाचा अखेरचा पूर्ण दिवस. कार्यालये रिकामी होत होती आणि संगणकांच्या टेपवरील ईमेलही पुसली जाणार होती. पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ ही अभ्याससंस्था त्या दिवशी न्यायालयात गेली. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी तात्पुरती मनाई दिली आणि टेप वाचल्या.

त्या टेपचे मोल तोवर सिद्ध झाले होते. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये इराण-काँट्रा प्रकरण उघडे पडू लागले, तेव्हा जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी ‘प्रॉफ्स’ या आयबीएमच्या प्रणालीतील आपले हजारो संदेश पुसून टाकले. बॅकअप टेपवर त्यांच्या प्रती शिल्लक आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. पुढे चौकशी करणाऱ्या टॉवर आयोगाच्या हाती नेमक्या त्याच प्रती लागल्या.

१९९३मध्ये न्यायालयांनी निकाल दिला की ईमेल हा सरकारी अभिलेखच आहे आणि तो कागदावर छापून मूळ पुसणे पुरेसे नाही, कारण कोणी, कोणाला, केव्हा पाठवले हा तपशील छापील प्रतीत हरवू शकतो. निकालानंतर क्लिंटन यांच्या काळात ‘आर्म्स’ ही स्वयंचलित अभिलेख-प्रणाली आली. टपाल जाता-येता तिची प्रत आपोआप दप्तरात पडावी, अशी योजना होती. तीही निर्दोष नव्हती. एका सर्व्हरच्या नावातील मोठ्या-लहान रोमन अक्षरांच्या फरकामुळे त्यावरील लोकांना बाहेरून येणारे टपाल दोन वर्षांहून अधिक काळ दप्तरात पोहोचलेच नाही. पुढे ज्यांचे नाव ‘डी’ अक्षराने सुरू होते, त्यांचे येणारे टपाल काही महिने निसटत राहिले! इतिहासाच्या साधनांचे भवितव्य कधी कधी एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर टांगलेले असते.

तरीही दप्तर टपालाला जोडलेले होते. खरा घात झाला तो स्थलांतरात.

२००२-०३मध्ये, जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या काळात, व्हाइट हाउसने लोटस नोट्स सोडून मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज स्वीकारले. प्रणाली बदलणे गैर नव्हते. जुने सॉफ्टवेअर कधी ना कधी निवृत्त होतेच. अडचण अशी की ‘आर्म्स’ नव्या प्रणालीशी जुळत नव्हती आणि तिच्या जागी येणारी व्यवस्था तयार नव्हती. टपालपेट्या हलल्या, लोक कामाला लागले. दप्तराचे काम ‘नंतर’ या सदरात गेले. मधल्या काळासाठी सोय केली ती अशी : प्रत्येक संदेशाची प्रत एका सामायिक पेटीत पडावी आणि कर्मचाऱ्यांनी ती वेळोवेळी ‘पीएसटी’ नावाच्या फाइलींत भरून ठेवावी. फाइलीला नाव देणे माणसाच्या हाती, ती योग्य जागी ठेवणे माणसाच्या हाती. आणि तीत कोणी फेरफार केला का, याची नोंद कुठेच नाही. कायमची व्यवस्था उभारण्याचा प्रकल्प अखेर २००६मध्ये सोडून देण्यात आला. तात्पुरती सोय वर्षानुवर्षे चालत राहिली.

२००५मध्ये व्हाइट हाउसच्याच तंत्रज्ञांनी दिवसवार मोजणी केली. एखाद्या ना एखाद्या कार्यालयाचे एकही ईमेल साठ्यात नाही, अशा नोंदी ४७३ दिवसांच्या निघाल्या. व्हाइट हाउसने पुढे ही मोजणी सदोष ठरवली. पण जी मोजणी स्थलांतराच्या पहिल्या आठवड्यापासून रोज व्हायला हवी होती, ती दोन-तीन वर्षांनी झाली, हे कोणत्या खुलाशाने पुसले जाईल?

या प्रकरणाकडे केवळ कारस्थान म्हणून पाहण्याची सवय अनेकांना आहे. पॉइंडेक्स्टर आणि नॉर्थ यांनी हेतुपुरस्सर पुसले, तरी प्रती सापडल्या. एक्स्चेंजच्या वेळी सारे काही कोणा एकाच्या दुष्ट हेतूने घडले असे मानण्याची गरजच नाही. कामाचा क्रम चुकीचा होता, एवढेही नुकसानीला पुरे होते. मात्र त्यामुळे दोष हलका होत नाही. १९७८चा अध्यक्षीय अभिलेख कायदा होता, १९९३चा निकाल होता, ‘आर्म्स’च्या चुकांचा ताजा अनुभव होता. म्हणून हा दोष अज्ञानाचा नव्हे, प्राधान्याचा आहे.

जुना ईमेल सर्व्हर बदलणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या आराखड्यात म्हणून पहिली ओळ दप्तराची असायला हवी. नवी साठवण आधी चालू करावी, जुनी आणि नवी काही काळ शेजारी शेजारी चालवावी, दोन्हींकडची संख्या रोज ताडून पाहावी आणि ती जुळेपर्यंत जुन्या टेपला हात लावू नये. खर्च वाढतो, वेळ लागतो. व्यवस्थापकांना हे आवडत नाही.

डिसेंबर २००९मध्ये, ओबामा यांच्या काळात, खटल्यात तडजोड झाली. चुकीच्या नावांखाली पडून राहिलेले सुमारे २ कोटी २० लाख ईमेल सापडल्याचे तेव्हा जाहीर झाले. शिवाय बॅकअप टेपवरून ९४ दिवसांचे टपाल पुन्हा मिळवण्याचे ठरले. टेपवरून, म्हणजे जिथे टेप होत्या तिथे. ऑक्टोबर २००३पर्यंत जुन्या टेपवर नवे लिहून त्या पुन्हा वापरल्या जात होत्या, हे व्हाइट हाउसने २००८मध्ये न्यायालयाला सांगितले होते. इराकवरील आक्रमण सुरू झाले ते मार्च २००३मध्ये.