जमाखर्च : लोकप्रतिनिधींची खतावणी



पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले की आमच्या तालुक्याच्या गावी दोन गोष्टी हमखास घडतात. पेढ्यांवरून नव्या वह्यांची मागणी जाते, आणि आमदारसाहेब व्यापारी संघाच्या सभागृहात येऊन वर्षभराच्या कामांचा आढावा देतात. काळही त्यास अनुकूल असतो. मुंबईचे पावसाळी अधिवेशन आटोपलेले असते आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन अद्याप दूर असते.

यंदाच्या सभेस मीही उपस्थित होतो. प्रत्येकाच्या हाती एक छापील अहवाल ठेवण्यात आला. त्यात रस्ते होते, बाजारपेठेतील दिवे होते, सभामंडपाचे छत होते, स्मशानभूमीची भिंत होती. त्यानंतर प्रश्नोत्तरे झाली. गटार, वाहनतळ, अतिक्रमण यांवर आम्ही व्यापारी मंडळी सव्वा तास बोललो. मात्र, "साहेब, या वर्षी सभागृहात कोणती विधेयके आली, आणि आपण कशावर बोललात?" असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. चहा घेऊन घरी परतलो आणि रात्री उशिरापर्यंत ती चूक मनास टोचत राहिली.

पस्तीसहून अधिक वर्षे बँकेत ताळेबंद तपासण्यात गेली. ताळेबंदाची एकच बाजू दाखवणाऱ्या कर्जदारास आम्ही कधी कर्ज मंजूर केले नाही. आमदार हा मुळात कायदे करणारा प्रतिनिधी आहे. रस्ते व दिवे ही त्याच्या खात्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू आम्ही मागितलीच नाही, तर ती दाखवण्याची तसदी कोण घेईल?

कायद्याने गावाचे जीवन कसे बदलते, हे मी आमच्या दुकानात पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आमचे किराणा-भुसारचे दुकान होते. विहिरी आटल्या, शेतातली कामे थांबली, आणि उधारीची वही फुगत गेली. घाऊक व्यापाऱ्याने अण्णांची उधारी बंद केली, तेव्हा अण्णांनीही आपल्या गिऱ्हाइकांची बंद केली. त्यांत दहा वर्षांपासूनचे एक मजूर कुटुंब होते. नकार ऐकून ते दोघे पायरीवर थोडा वेळ बसले आणि काही न बोलता उठून गेले. आठवड्याभरात त्यांनी गाव सोडले, ते पुन्हा परतले नाहीत.

त्यांच्या नावावर त्रेचाळीस रुपये बाकी होते. दर दिवाळीस नवी वही मांडताना अण्णा ती बाकी पुढे ओढत. मी बँकेत लागल्यावर एकदा म्हणालो, "अण्णा, हे बुडीत खाते आहे, आता काढून टाका." ते म्हणाले, "ती बाकी त्यांच्याकडे नाही रे, माझ्याकडे आहे." अखेरच्या वहीपर्यंत ती तशीच राहिली.

त्या दुष्काळात सरकारने खडी फोडण्याची, बांधबंदिस्तीची कामे काढली, आणि परदेशातून आलेला मिलो खाऊन माणसे जगली. तथापि दुष्काळी काम ही सरकारची मर्जी असते. ते केव्हा काढावे नि केव्हा बंद करावे, हे साहेब ठरवतात. मजुरास ते हक्क म्हणून मागता येत नाही.

हा हक्क कायद्यात आणणारे गृहस्थ ग्रामीण भागातलेच होते. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्या प्रत्येक धडधाकट माणसास काम मिळाले पाहिजे, ही कल्पना त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली, आपल्या भागात तिचा प्रयोग केला, आणि पुढे ती योजना राज्याची झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. पुढे २००५ मध्ये देशाने जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. या योजनेचा पैसा कोठून आला? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लागू केला, तो प्रामुख्याने याच कामासाठी. व्यापारी, वकील, डॉक्टर, नोकरदार, सर्वांनी तो भरावयाचा, आणि अशा करांतून जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची, अशी मांडणी होती. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानुसार तेव्हा या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जात, तेव्हा आम्ही सहकारी त्रासून बोलत असू. तो पैसा कशासाठी उभा केला गेला, हे आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

अण्णांनीही पहिल्या वर्षी कुरकूर केली होती. नंतर आमच्या शिवारात पाझर तलावाचे काम सुरू झाले. मजुरीचे पैसे हाती आले की आठवडी बाजारी गूळ, डाळ, तेल रोखीने विकले जाई. करातून गेलेला रुपया मजुराच्या हातून आमच्या गल्ल्यात परत येत होता. अण्णांची कुरकूर थांबली.

या योजनेत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. ग्रामीण शाखेत असताना मजुरी उशिरा जमा झाल्यामुळे रिकाम्या हाताने परतणाऱ्या स्त्रिया मी काउंटरपलीकडे पाहिल्या आहेत. खोटी हजेरीपत्रके हा तर जुनाच रोग. परंतु हे दोष दूर व्हावेत यासाठी सभागृहात कोणी प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारला जावा म्हणून आपण आपल्या आमदारांना विचारावे लागते. आपण गटाराविषयी बोललो, तर उत्तरही गटाराविषयीच मिळते.

म्हणून सभेच्या दुसऱ्या दिवशी मी आमदारसाहेबांना पत्र लिहिले. तीनच प्रश्न विचारले. या वर्षी आपण कोणत्या विधेयकांवर बोललात? तालुक्यातील मजुरांची मजुरी वेळेवर मिळावी म्हणून काय केलेत? नागपूरच्या अधिवेशनात कोणता प्रश्न मांडणार आहात? पोच मिळाली आहे, उत्तर अजून यावयाचे आहे.

आपल्याही गावी दिवाळीच्या आसपास असा अहवाल हाती येईल. तो घडी करून ठेवण्यापूर्वी यांपैकी एक तरी प्रश्न उभे राहून विचारावा, ही विनंती. माझ्या पत्राला उत्तर आले, तर पुढील अंकात कळवीनच.