अंथरुणावरची वर्षे हिशेबात धरा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, सामाजिक न्याय, आणि मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य

विषय : परावलंबी झालेल्या आईवडिलांच्या घरगुती शुश्रूषेच्या खर्चाला शासकीय साहाय्य मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही घरात अंथरुणाला खिळलेली आई किंवा वडील सांभाळणारी माणसे आहोत. आमच्यात नोकरदार आहेत, रिक्षावाले आहेत, शेतकरी आहेत, शिवणकाम करणाऱ्या बाया आहेत. निवृत्त झालेलेही पुष्कळ आहेत, कारण आई पंच्याऐंशीची झाली की मुलगा साठीला टेकलेला असतो आणि सून गुडघे धरून उठत असते.

सरकार वृद्धांसाठी काहीच करत नाही, असे आमचे म्हणणे नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. निराधार वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेने ६५ वर्षांवरच्यांना उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये दिले. पण ही मदत दोनच ठिकाणी उभी आहे : रुग्णालयाच्या दारात आणि निराधारपणाच्या उंबरठ्यावर. पक्षाघाताचा झटका आला, दवाखान्यातले दहा दिवस योजनेतून निघाले, डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधेही मिळाली. त्यानंतरची सहा-आठ वर्षे कोणाच्या खात्यात? आरोग्य खाते म्हणते रुग्ण दाखल नाही, सामाजिक न्याय खाते म्हणते मुलगा कमावता आहे.

त्या वर्षांचा खर्च सांगतो. पुण्या-मुंबईत शुश्रूषेला बाया पुरवणाऱ्या ब्यूरोची बारा तासांची बाई महिना पंधरा-वीस हजारांच्या खाली मिळत नाही, चोवीस तासांची त्याहून महाग. डायपर, हवेची गादी, नाकातल्या नळीतून द्यायचे पातळ अन्न, पाठीवरच्या जखमेचे ड्रेसिंग वेगळे. कॅथेटर बदलायचा तर चौघांनी जिन्यावरून खाली उतरवायचे आणि रुग्णवाहिकेचे भाडे भरायचे. बाई परवडत नाही तिथे घरातली सून किंवा मुलगी काम सोडते. तो गेलेला पगार तर कुठल्याच कागदावर येत नाही.

म्हणून पहिली मागणी पात्रतेची आहे, कारण बाकी सगळे तिथेच अडते. श्रावणबाळ योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव तरी हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीवर वर्षातले शंभर दिवस राबलेला मजूरसुद्धा या मर्यादेबाहेर जातो. परिणाम सर्वांना माहीत आहे : २१,००० चा दाखला मिळवणारे मिळवतात आणि खरे उत्पन्न सांगणारा बाद होतो. परावलंबी वृद्धांसाठी ही मोजणीच बदला. शुश्रूषेवर होणारा खर्च वजा करून जे उरेल ते कुटुंबाचे उत्पन्न धरा. आणि परावलंबन ठरवायला मोठे मंडळ नको. उठणे, आंघोळ, कपडे, जेवण, शौच यांतले काय दुसऱ्याच्या हाताशिवाय होत नाही, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी घरी येऊन नोंदवावे. एकदा नोंद झाली की दरवर्षी नवा दाखला मागू नये. नव्वदीतली आजी पुढच्या मार्चपर्यंत चालू लागेल, ही आशा आम्हीही ठेवत नाही.

अशा नोंद झालेल्या वृद्धाच्या कुटुंबाला महिना ५,००० रुपये शुश्रूषा भत्ता मिळावा. दिवसपाळीच्या बाईच्या पगाराचा हा तिसरा-चौथा हिस्सा आहे. उरलेला भार आम्ही उचलूच, आजही उचलतो आहोत. या मागणीला आधार आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात पूर्णवेळ सेवा करणाऱ्याला आश्वासकिरणम् योजनेतून महिना ६०० रुपये देतात. रक्कम तुटपुंजी आहे, हप्ते थकल्याच्या तक्रारीही आहेत. पण सेवा करणारा माणूस तिथे निदान सरकारी कागदावर आहे.

त्याच २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत पार्किन्सन आहे, डिमेन्शिया नाही. रात्री तीनला दार उघडून रस्त्यावर जाणारे वडील धडधाकट दिसतात, हाच त्यांच्या कुटुंबाचा अडथळा ठरतो. राज्याने केंद्राकडे पाठपुरावा करावा आणि तोवर शुश्रूषा भत्त्यासाठी डिमेन्शियाला स्वतंत्र मान्यता द्यावी.

पैशाइतकीच गरज घरी येणाऱ्या नर्सची आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणावरच्या रुग्णांना घरी भेटी देण्याची तरतूद २०१०-११ पासून आहे. नवा कायदा नको, ती तरतूद अमलात आणा. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशातून नर्स घरोघर पाठवली. महिन्यातून दोनदा कोणी कॅथेटर बदलायला, जखम बघायला आले, तरी रुग्णालयातल्या कितीतरी खेपा वाचतील, आणि आयुष्मान भारतचेच पैसे वाचतील.

ब्यूरोंची नोंदणी सक्तीची करा. आज कोणीही फोन घेऊन ब्यूरो उघडतो, अनामत घेतो, आणि न शिकवलेली मुलगी पाठवतो. तिलाही सुट्टी नाही, विमा नाही. खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच राज्याने १९८१ मध्ये कायदा करून मंडळे नेमली, घरकामगारांसाठी २००८ मध्ये मंडळाचा कायदा केला. शुश्रूषा करणाऱ्यांनाही तसे मंडळ हवे : प्रशिक्षण, ओळखपत्र, ठरलेला किमान दर.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण 'स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे' ही अट आम्ही आश्रमांच्या दारात वारंवार ऐकली आहे. प्रत्येक जिल्ह्यात काही खाटा परावलंबी वृद्धांसाठी राखा, त्यांतल्या काही पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी. मुलीच्या बाळंतपणाला जाता यावे, स्वतःचे ऑपरेशन उरकता यावे, एवढीच सवड मागतो आहोत.

आता आईचे स्वतःचे पैसे. तिच्या नावे ठेव असते, पेन्शन येते, आणि नेमके तिच्याच आजारपणात ते बँकेत अडकतात. कुलमुखत्यारपत्र उपयोगी पडत नाही, कारण देणाऱ्याची समज गेली की त्याचा अंमल संपतो. बेशुद्ध किंवा समज गेलेल्या माणसाचे पालकत्व मिळवायला कुटुंबांना उच्च न्यायालयात रिट करावी लागते. गडचिरोलीच्या माणसाने नागपूरला वकील करायचा, तोही घरात रुग्ण असताना! जिल्हा न्यायालयात ठरावीक मुदतीत निकाल देणारी साधी कार्यपद्धती आणावी. शुद्ध शाबूत असतानाच पुढची व्यवस्था नोंदवून ठेवण्याचीही सोय असावी.

पैसा कुठून, हा प्रश्न आम्हाला टाळायचा नाही. याच राज्यात १९७५ मध्ये व्यवसाय कर आला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. शहरातल्या पगारदारांनी ग्रामीण मजुरांच्या हमीचा भार उचलला. जपानने २००० साली शुश्रूषा विमा सुरू केला, तिथे चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. असा राखीव निधी उभारायचा तर आम्ही हप्ता द्यायला तयार आहोत. फक्त म्हातारपणी काय मिळेल ते आज लेखी कळू द्या, म्हणजे घरे गहाण टाकण्याआधी नियोजन करता येईल. सुरुवात पूर्ण परावलंबी असलेल्यांपासून करा. सगळ्यांना एकदम द्या, असा आमचा हट्ट नाही.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आरोग्य आणि सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांच्या सचिवांसमवेत एकत्र बैठक द्यावी, ही विनंती. वेगवेगळ्या बैठकांत प्रत्येक खाते आम्हाला दुसऱ्याकडे पाठवते. बैठक शक्यतो दुपारी असावी. सकाळी अंग पुसणे, जेवण भरवणे आटोपल्याशिवाय आम्हाला घराबाहेर पडता येत नाही.