मेंदू वाट बघत नाही!

‘मेंदू म्हणजे कॉम्प्युटर’ हे वाक्य आपण इंजिनिअर मंडळी फार सहज फेकतो. मला ते पटत नाही. मदरबोर्ड फॅक्टरीतून सोल्डर होऊनच येतो. बाळाच्या मेंदूत पेशींमधले जोड, म्हणजे सायनॅप्स, भरमसाठ तयार होतात. पण त्यातले बरेचसे सुरुवातीला मुके असतात. ग्लुटामेट आलं तरी एनएमडीए रिसेप्टरला मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट आणि शेजारच्या जोडांनी बदललेलं व्होल्टेज, दोन्ही एकदम आले तरच ते निघतं. चक्क अँड गेट! मग कॅल्शियम आत शिरतं, एएमपीए रिसेप्टर येऊन बसतात आणि सायनॅप्स बोलू लागतो. न वापरलेले जोड गळतात.

१९८१ चं नोबेल मिळवणाऱ्या ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवला होता. उघडल्यावर डोळा धडधाकट, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला दादच देईनात!

म्हणूनच तान्ह्या बाळाला मोतीबिंदू असताना ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं. कॉम्प्युटरचा कॅमेरा कधीही बदला, चालतो. इथे तसं नाही. तेव्हा मित्रहो, घरात कुणी असं म्हणालं तर गप्प बसू नका, लगेच डोळ्यांचा डॉक्टर गाठा.