आधी प्लग बघा, मग मशीन

गेल्या रविवारी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तीन माहितीपत्रकं घेऊन आले. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झालेली, त्यामुळे हाताला लोखंडाची सवय. आता गच्चीवरच्या कुंड्यांचे स्टँड, फाटकाचं निखळलेलं बिजागर, नातवाच्या सायकलचं कॅरिअर अशी कामं घरीच करायची आहेत. तिन्ही मशीन ‘थ्री इन वन’, म्हणजे रॉड, मिग आणि टिग एकाच डब्यात. एकावर २००, दुसऱ्यावर २५०, तिसऱ्यावर ३०० असा मोठा आकडा. “यातलं कुठलं घेऊ, सांग.”

मी विचारलं, “काका, लावणार कुठल्या प्लगवर?”

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, आणि सगळा निवाडा तर तिथेच होतो. घरातला १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला साधारण ३,७०० वॉट देतो. आता कामाकडून हिशोब करू. अडीच मिलिमीटरचा रॉड, दुकानात ज्याला बारा नंबर म्हणतात तो, ८० अँपिअरला छान चालतो. तेव्हा आर्कवर सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे साडेअठराशे वॉट. मशीनमधली घट धरली की भिंतीतून बावीसशेच्या आसपास ओढले जातात. साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर कमी असतो, म्हणून प्लगमधून प्रत्यक्षात १३-१४ अँपिअर जातात. इथवर ठीक. पण दहा नंबरचा, ३.१५ मिलिमीटरचा रॉड १२० अँपिअरला लावला की हाच आकडा विसाच्या घरात पोचतो आणि काम रंगात आलं की एमसीबी पडते. काकांच्या प्लगवर ३०० अँपिअर कधी निघणारच नाहीत. त्या आकड्याचे पैसे मात्र मोजावे लागतील.

शिवाय तो आकडा खरा असतोच असं नाही. मी पहिलं मशीन घेतलं त्याच्या अंगावर ठसठशीत २५० लिहिलेलं होतं. शेडच्या दाराची चौकट करायला बसलो. १२० अँपिअरला चौथा रॉड अर्धा जळला आणि पिवळा दिवा लागून मशीन थांबलं. पंधरा मिनिटं नुसता पंखा फिरत राहिला. दुकानदार म्हणाला, “साहेब, एवढं सलग कोण चालवतं?” त्या संध्याकाळी मी मशीन फिरवून मागची पट्टी वाचायला गेलो. पट्टीवर नाव होतं, आकडे नव्हते.

खऱ्या पट्टीवर एक्स या अक्षरापुढे टक्के असतात आणि त्याखाली अँपिअर. तीच ड्यूटी सायकल. ‘३५ टक्के, १६० अँपिअर’ याचा अर्थ असा, की १६० अँपिअरवर दर दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं आर्क चालवायचा आणि बाकीचा वेळ मशीनला थंड होऊ द्यायचं. हे मोजमाप ४० अंश तापमानाला धरलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यानं यातून आणखी वजाबाकी करावी. त्याच पट्टीवर मशीन भिंतीतून जास्तीत जास्त किती करंट ओढतं तेही दिलेलं असतं. हे दोन आकडे ज्या मशीनवर नाहीत ते घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

रॉडच्या कामाला ३५ टक्के पुरतात. एक रॉड मिनिटभरात संपतो, मग स्लॅग फोडायचा, ब्रश मारायचा, नवा रॉड लावायचा. मशीनला आपोआप उसंत मिळते. मिगमध्ये बोट ट्रिगरवर आणि तार अखंड सुटत असते, त्यामुळे तिथे हाच आकडा आडवा येतो.

आता ‘थ्री इन वन’बद्दल. मिग, म्हणजे आपल्याकडचं सीओटू वेल्डिंग, पातळ पत्र्याला आणि १६ गेजच्या चौकोनी पाइपला फार सोयीचं. रॉडनं भोक पडतं तिथे ०.८ मिलिमीटरची तार सांभाळून घेते. पण मशीन एका हातानं उचललं तरी गॅसचा सिलिंडर तसा उचलता येत नाही. त्यावर उपाय बिनगॅसची, पोटात फ्लक्स भरलेली तार. शिंतोडे जास्त उडतात, पण वाऱ्यावर गच्चीतही चालते. मात्र या तारेला टॉर्च निगेटिव्हला जोडावा लागतो, गॅसवाल्या तारेला पॉझिटिव्हला. म्हणून दुकानातच मशीनचं बाजूचं दार उघडा आणि ही जोडणी बदलता येते का ते बघा. ती बदलता आली नाही, तर बिनगॅसची तार तडतडत राहील आणि सांधा कच्चा राहील.

टिगला वर्कशॉपमध्ये आर्गन वेल्डिंग म्हणतात. या डब्यांमधलं टिग बहुतेक डीसीवर चालतं. स्टीलच्या पातळ कामाला ते उत्तम, पण ॲल्युमिनिअमवरचा ऑक्साइडचा थर फोडायला एसी लागतो. “पातेल्याचा कान जोडता येईल” असं कुणी म्हणालं तर तिथेच करून दाखवा म्हणावं. आर्गनचा सिलिंडर, रेग्युलेटर, टॉर्च हे सगळं वेगळं घ्यावं लागतं आणि हौशी माणसाकडे ते बहुधा कधीच येत नाही. जी पद्धत वर्षभरात वापरणार नाही, तिच्यासाठी पैसे देऊ नका.

पुण्यात बोहरी आळीत जा की मुंबईत नागदेवीला, आपले बारा नंबरचे सहा रॉड आणि पाइपचा तुकडा पिशवीतून न्या. सहाही रॉड ओळीनं चालवून बघा. केबल तांब्याची आहे का, बोर्ड गेला तर दुरुस्ती गावात होते का, ते विचारा. चांगला दुकानदार या प्रश्नांनी वैतागत नाही.

वाचलेले पैसे आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या हेल्मेटवर आणि घराच्या अर्थिंगवर घाला. कामाला लावायच्या चिमट्यालाही आपण अर्थिंगच म्हणतो, पण तो करंटची परतीची वाट आहे. शॉकपासून वाचवतं ते प्लगमधलं अर्थिंग. आणि जीआय पाइपचा जस्ताचा थर घासल्याशिवाय त्यावर आर्क मारू नका. त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो.

काकांनी तिन्ही पत्रकं घडी करून खिशात ठेवली. दोन दिवसांनी १६० अँपिअरचं, पट्टी नीट भरलेलं, रॉड आणि तार चालवणारं मशीन आणलं. टिग त्यात नव्हतंच. शनिवारी फाटकाच्या बिजागराला आधी दोन टॅक मारले, फाटक झुलवून बघितलं, मग पूर्ण टाका ओढला. स्लॅग उडवल्यावर खाली एकसारखी लाट उमटली होती. एमसीबी एकदाही पडली नाही.